शेवटच्या दिवसाची दहा नावं

४ जानेवारी

बयो,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते मिळाले असं समजून पुढे वाच. फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर मीटिंगमध्ये असतेस. पत्राला मीटिंगचं कारण सांगता येत नाही, म्हणून पत्र.

काल आपल्या घरी चिम्याचं मशीन आलं.

बाबांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं ती इमारत पाडणार आहेत. मालकाने इतकी वर्षं ते मागच्या गोदामात ठेवून घेतलं होतं, हेच खूप झालं. परवा दारात येऊन म्हणाला, "वहिनी, न्यायचं तर न्या, नाहीतर भंगारवाला उभाच आहे." मी विचार न करता आणा म्हटलं. चार हमालांनी जिन्यावरून चढवलं, वळणावर भिंतीचा टवका उडाला. त्यातला एक धापा टाकत विचारतो, "काकू, हे कपाट उघडतं कुठून?" मी म्हटलं, कपाट नाही बाबा, खेळ आहे. त्याने एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

बाकीची चार मशीनं बाबांनी दुकान बंद केलं तेव्हाच देऊन टाकली होती. हे एकच राहिलं, विमानांचं. का राहिलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आता ते पुढच्या खोलीत तुझ्या पलंगाच्या जागी उभं आहे. पलंग भिंतीला टेकवून ठेवलाय, रागावू नको, तू तसाही त्यावर झोपायला येत नाहीस.

अवस्था वाईट आहे. खालचं प्लायवूड ओलीने फुगून पापडासारखं सुटलंय. उंदरांनी आत वायरींचं घरटं केलंय. विमान वळवायचा दांडा लुळा पडलाय, तीन बटणं गायब. नाणी टाकायच्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली बहुतेक बाबांकडेच असणार. मी मागची फळी काढून आत बघितलं. सर्किट बोर्ड जागेवर आहे.

मी हे दुरुस्त करणार आहे. आश्चर्य कसलं त्यात? अर्धं आयुष्य टीव्हीच्या कारखान्यात सोल्डरची लाइन सांभाळली. तुमची दोघांची फी त्या धुरातूनच निघाली.

तुला यातल्या कशाशी देणंघेणं नाही, ते मला माहीत आहे. चिम्या गेला, महिनाभरात बाबा दुकानाला कुलूप लावून काकाकडे निघून गेले, आणि तू मला सांगितलंस की त्या माणसाचं नाव घ्यायचं असेल तर मला फोन करू नकोस. मी नाव घेते. म्हणून आता फोन करत नाही. हिशेब साधा आहे.

आई

२१ जानेवारी

बयो,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं, तेव्हा बरोबरी झाली.

काम पुढे सरकलंय. फुगलेलं प्लायवूड कापून सुताराकडून नवा तुकडा बसवून घेतला. सुतार म्हणाला, नवीनच कपाट करून देतो, स्वस्तात पडेल. या मशीनला कपाट म्हणणाऱ्यांची आता मला सवय झाली आहे.

पिक्चर ट्यूबला हात लावताना मात्र फार जपावं लागलं. ट्यूब बंद असली तरी आत वीज धरून बसते, कारखान्यात एका नव्या मुलीला तिने पार भिंतीवर फेकलं होतं. स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधून, एक हात पाठीमागे घेऊन, मी ती मोकळी केली. चट्ट असा आवाज आला. माझ्या हातांना आता कंप आहे, तुला सांगितलं नव्हतं. डॉक्टर वयाचं म्हणतो. कंप पाणी पिताना दिसतो, सोल्डर करताना मनगट लाकडी ठोकळ्यावर टेकवलं की कमी होतो.

फुगलेले कंडेन्सर बदलले, उंदरांनी खाल्लेल्या वायरी ओढल्या, आणि काल दुपारी जीव मुठीत धरून चालू केलं. आधी नुसती गुणगुण. मग कडेने निळसर उजेड, आणि हळूहळू चित्र. विमान आलं, फुटलं, पुन्हा आलं.

आणि मग नावांची पाटी आली.

बयो, ती त्याच दिवसाची आहे. त्या रविवारची. बाबा रोज सकाळी पाटी कोरी करायचे, नवा दिवस नवी शर्यत, संध्याकाळी वर असेल त्याला दुसऱ्या दिवशी एक डाव फुकट. त्या रविवारी दुकान बंद करून चिम्या सायकलने घरी निघाला आणि वळणावर त्याला टेम्पोने उडवलं. दुसऱ्या दिवसापासून दुकान उघडलंच नाही. त्यामुळे पाटी पुसायची राहिली.

सगळ्यात जास्त गुणांची दहा नावं आहेत, तीन-तीन इंग्रजी अक्षरांची. पहिलं चिम्याचं, सी एच एम. तिसरं त्याचं. चौथं त्याचं. दुसरं तुझं. टी ए आय, ताई. मध्ये अडकली आहेस, वरून तो आणि खालून तो. तू त्या दिवशी दुपारी गेली होतीस ना खेळायला? तो घरी आला असता तर रात्रभर चिडवून तुला जेवू दिलं नसतं.

मी उभ्याउभ्या रडले. मग खुर्ची आणून बसून रडले.

फोटो काढून पाठव म्हणशील. माझ्या फोनला बटणं आहेत, कॅमेरा नाही. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याला विचारलं, तो म्हणाला अशा पडद्याच्या फोटोत काळे पट्टे येतात, पण येऊन बघतो. त्याला थांब म्हटलं. परक्या माणसाने पाहण्याआधी घरच्यांनी पाहावं असं मला वाटतं. घरचे म्हणजे कोण, ते तू समजून घे.

एक विचारायचंय, आणि याचं उत्तर मात्र दे. बाबा ती पाटी रोज पुसायचे ते नेमकं कसं? मी सकाळपाळीला असायचे, कधी पाहिलं नाही. सुट्टीत तू त्यांच्याबरोबर दुकान उघडायला जायचीस. ठाऊक असेल तर कळव. चुकून माझाच हात कुठेतरी लागायचा.

आई

२ फेब्रुवारी

बयो,

पाटी जाणार आहे.

बोर्डावर एक बॅटरी असते, बोटाच्या पेराएवढी. मशीन बंद असताना नावं तिच्या जिवावर टिकतात. ती बॅटरी फुटली आहे. पायाशी हिरवी बुरशी धरलीय आणि ती बोर्डाच्या तांब्याच्या रेघा खात पुढे सरकतेय. मीटर लावला तर काटा जिथे हवा त्याच्या बराच खाली. आज आहे, उद्या नाही, अशी गत.

बॅटरी काढावी तर नावं गेली. ठेवावी तर बुरशी बोर्ड खाणार, मग नावंही गेली आणि मशीनही. म्हणून काल सकाळपासून मी ते बंदच केलेलं नाही. चालू असलं की नावांना घरची वीज मिळते. रात्रंदिवस विमानं उडताहेत आणि फुटताहेत. शेजारीण विचारून गेली, नातू आलाय का. मी हो म्हटलं. तिला काय सांगत बसू.

लाइट गेली तर काय, या धास्तीने बाहेर पडले नाही. भाजी संपली आहे.

आज तुझ्या काकूंचा फोन आला होता. बाबा जेवत नाहीत म्हणे. काकांच्या गोदामात जाऊन बसतात, कोणी काही विचारलं तर उत्तर देतात, आपण होऊन बोलत नाहीत. काकू म्हणाल्या, "वहिनी, माणूस आमच्यादेखत विझत चाललाय, आम्ही तरी काय करायचं?" तुझा संताप मला मान्य आहे. मला एकटीला टाकून गेले, ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. पण ते मला सोडून गेले असं मला कधी वाटलं नाही. या घरातून पळाले. मला पळता आलं नाही एवढाच फरक.

ही पाटी त्यांनी एकदा बघावी. तूही बघावीस. मला आणखी काही नको आहे.

आई

१२ फेब्रुवारी

बयो,

झालं. नावं आहेत. आधी हे सांगते, मग बाकीचं.

मशीन चालूच ठेवून बॅटरी बदलायची, हा एकच मार्ग होता. चालू असेपर्यंत नावं घरच्या विजेवर जगतात, तेवढ्यात जुनी काढायची, नवी लावायची. धोका असा की चालू बोर्डावर सोल्डरची इस्त्री सरकली, दोन पाय एकमेकांना चिकटले, तर सगळंच जळून खाक. शिवाय इस्त्रीतून वीज बोर्डात उतरू शकते. त्यावर आमच्या लाइनवरची युक्ती होती. इस्त्री कडक तापवायची, प्लग काढायचा, आणि थंड व्हायच्या आत टेकवून घ्यायची. पुन्हा तापवायची, पुन्हा प्लग. लाइनवरच्या मुख्य बाईंनी मला शिकवलं होतं. तेव्हा वाटायचं, उगाच छळतात.

सकाळच्या उजेडात बसले. ठोकळ्यावर मनगट टेकवलं, तरी टोक थरथरत होतं. पहिला पाय सुटेना. बुरशीखाली सोल्डर विरघळतच नव्हतं, नवं सोल्डर घालून भिजवावं लागलं. माझी मीच बोलत होते, थांब, घाई नको, प्लग काढ. दुसरा पाय सुटला आणि जुनी बॅटरी माझ्या मांडीवर पडली. तेव्हा पडद्याकडे बघायची हिंमत झाली नाही. नवी लावून झाल्यावर बघितलं.

सी एच एम. टी ए आय. सी एच एम. सी एच एम.

मग मशीन बंद केलं. दहा दिवसांत पहिल्यांदा घर शांत झालं. चहा करून प्यायले, अख्खा, आणि पुन्हा चालू केलं. नावं होती.

आता ऐक, ओरडू नकोस. मी काकाकडे फोन करून बाबांना सांगितलंय की मशीन घरी आलंय, नाण्यांच्या दाराची किल्ली तुमच्याकडे आहे, ती घेऊन या, कुलूप तोडवत नाही. पाटीचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आले नसते. एवढा मी त्यांना ओळखते. ते म्हणाले, "किल्ली आहे माझ्याकडे. येतो."

रविवारी येताहेत. तू आलीस तर पलंग खाली घेते.

आई

२७ फेब्रुवारी

बयो,

हे पत्र तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आठवडाभर तसं राहून बघितलं. मग हे सांगायला दुसरं कोणी नाही, म्हणून लिहिते.

बाबा आले. खूप वाळलेत. सदरा त्यांचाच आहे, पण काकांचा घातल्यासारखा दिसतो. दारात चपला काढताना भिंतीला धरलं. मी म्हटलं, बसा, पाणी आणते. त्यांची नजर पुढच्या खोलीत मशीनवर गेली होती. मशीन मी मुद्दाम बंद ठेवलं होतं. पाणी देऊन, बसवून, दोन शब्द बोलून मग त्यांच्यासमोर चालू करायचं, असं मनात होतं. किती वेळा मनात तालीम केली होती म्हणून सांगू.

पाणी घेऊन आले तर ते मशीनसमोर उकिडवे बसलेले. किल्ली काढून नाण्यांचं दार उघडलं होतं. डावा हात आत, उजवा मागे वळसा घालून स्विचवर. विचार करून केलेलं नव्हतं ते. सकाळी दुकानात आल्यावर माणूस जसं करायचा तसं हात करत होते, डोळे दुसरीकडेच होते. खट्ट आवाज झाला. मी "अहो" म्हटलं. बस, तेवढंच.

ट्यूब तापायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात मला वाटलं, नसेल काही, मी उगाच घाबरतेय. मी त्यांना म्हणाले, "पाटी बघा. त्या दिवसाची आहे. चिम्याची आहे." ते उठून उभे राहिले, दोन्ही हात काचेवर ठेवले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

पाटी आली. दहाही नावं कंपनीची. नवीन मशीनला असतात ती.

"कुठंय?" ते म्हणाले.

मला राग आला, बयो. खोटं कशाला सांगू. पाण्याचा पेला त्यांच्या अंगावर फेकावा इतका राग आला. एवढ्या वर्षांनी आलात, आणि आल्याआल्या हेच केलंत. शब्द जिभेवर होते. पण ते माझ्याकडे वळले आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आपण काय केलं, हे त्यांना कळलेलंच नव्हतं. हातांनी केलं होतं, त्यांनी नाही. मी ते तोंडातून काढलं असतं तर तो माणूस इथून निघून काकाकडे पोचला नसता. कुठेच पोचला नसता. हे मला त्या क्षणी इतकं स्पष्ट दिसलं की राग जागच्या जागी बसला.

मी म्हटलं, "सकाळपर्यंत होती हो. बॅटरी बदलताना माझा हात थरथरला. मला वाटलं राहिली असेल. गेली."

ते खुर्चीवर बसले. बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "जाऊ दे. तू मुद्दाम थोडंच केलंस. मनाला लावून घेऊ नको." आणि रडले. चिम्या गेला तेव्हाही रडले नव्हते, तुला आठवत असेल. तुझा मोठा राग त्याचाच होता. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि मधूनमधून माझीच समजूत घालत होते.

जेवले. दोनदा मागून घेतलं. राहिले आहेत.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. किती वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. "आई, नाण्यांच्या दारात आत डावीकडे लाल बटण आहे. ते दाबून धरून मशीन चालू केलं की पाटी पुसली जाते. त्याला हात लावू नकोस. मी जमलं तर मार्चमध्ये येते."

शिक्का बघितला. तू टाकलंस तेव्हा वेळ होता. पोस्टाने घालवला. उशिरा लिहिलंस असं मनात आणू नकोस. मी मनात आणलं होतं, पहिल्या तासात, ते आता नाही.

आई

१६ मार्च

बयो,

तुझं तिकीट निघालं हे वाचून बरं वाटलं. पलंग खाली घेतलाय. मशीन सरकवून खिडकीशी नेलं, बाबांनी हात लावला. ते शेजारणीला सांगत होते, "हिनेच सगळं दुरुस्त केलं, एवढंसं एक चुकलं, पण मी काही बोललो नाही." शेजारीण म्हणाली, नशीब काढलंत वहिनी, माझे असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. मी मान हलवली. हे आता जन्मभर ऐकायचंय, त्याची तयारी करते आहे.

परवापर्यंत रोज सकाळी ते मशीन चालू करायचे. तसंच उकिडवे बसून, डावा हात आत घालून. मग एक-दोन डाव खेळायचे, लवकर मरायचे, आणि नाव टाकायची वेळ आली की सी एच एम टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुसलं जायचं. मी ओट्याशी उभी राहून ऐकायचे. त्या लाल बटणाची वायर कापून टाकावी असं रोज वाटायचं. पण मग आदल्या दिवशीची नावं तशीच राहतील, आणि का राहिली याचा ते विचार करतील. म्हणून हात लावला नाही.

परवा सकाळी मशीनचा आवाज आला नाही. मी डोकावून बघितलं. ते नाण्यांच्या दारासमोर बसले होते, हात आत, आणि हात हलत नव्हता. पाठ माझ्याकडे होती.

"अगं," ते म्हणाले, "मी आलो त्या दिवशी मशीन कोणी चालू केलं होतं?"

मी म्हटलं, "मी."

"तू?"

"मीच. तुम्ही पाणी पीत होतात."

ते म्हणाले, "हो. मलाही तसंच आठवतंय." हात हळूच बाहेर काढला, दार लावलं, आणि मागच्या स्विचने मशीन चालू केलं. त्यानंतर त्यांनी ते दार उघडलेलं नाही.

आम्ही दोघं नीट आहोत. ते जेवतात, झोपतात, संध्याकाळी भाजी आणतात. कधी कधी माझ्या हाताकडे बघतात आणि नजर काढून घेतात.

तू आलीस की ते तुलाही विचारतील, आई काय म्हणाली म्हणून. त्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवून आली असशील तरी तेवढ्यापुरतं बोल. सांग, त्या दिवशी मशीन आईने चालू केलं होतं, तिने मला तेव्हाच पत्रात कळवलं होतं.

तुझी वाट बघते.

आई